मागच्या चाकांचा ब्रेक

हंबीररावांनी मुलीला एकच अट घातली होती. मागच्या चाकांचे ब्रेक पॅड तिनं स्वतःच्या हातानं बदलायचे, आणि त्यावर त्यांचं समाधान झालं तरच गाडी कोयनेला न्यायची. नाही झालं, तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कराडच्या स्टँडवर चिपळूणची एस.टी. धरायची.

शिवांजलीला जलविद्युत प्रकल्पात कनिष्ठ अभियंता म्हणून नेमणूक मिळाली होती. राहायला कोयनानगरची वसाहत आणि काम घाटाखाली, पोफळीला. म्हणजे रोज सकाळी कुंभार्ली घाट उतरायचा आणि संध्याकाळी तोच चढायचा. हंबीररावांना घाट कळत होता. लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या तुकडीत त्यांनी उभी नोकरी लॉऱ्यांच्या पोटाखाली काढली, तीही लडाख आणि सिक्कीमच्या रस्त्यांवर. ते म्हणायचे, चढावर इंजिन बंद पडलं तर माणूस वैतागतो. उतारावर ब्रेक गेला तर वैतागायला माणूसच उरत नाही.

त्यात ही गाडी काही साधी नव्हती. तीस वर्षांपूर्वी जपानात बांधलेली, दोन दारांची, दोनच माणसं बसतील अशी, वर कापडाचं छत. पुढचे दिवे बॉनेटमध्ये झोपलेले असायचे. बटण दाबलं की दोन्ही एकदम पापण्या उघडल्यासारखे वर यायचे. वाळवा तालुक्यातल्या त्यांच्या कृष्णाकाठच्या गावात ती पहिल्यांदा आली तेव्हा डेअरीवरच्या बायकांनी चार वेळा दिवे उघडझाप करून दाखवायला लावले होते. गाडी मूळची सांगलीच्या मधुकाका डॉक्टरांची. पेन्शनीत निघाल्यावर हंबीरराव त्यांच्या गाड्या सांभाळायला जात आणि लहानगी शिवांजली रविवारी बापामागून जाऊन हीच गाडी पुसत बसे. नजर अधू झाल्यावर डॉक्टरांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "मला आता ही नुसती ऐकू येते. तू चालव."

हंबीररावांना गाडी आवडत होती, पण तिचा थोडा धाकही वाटत होता. ट्रॅक्टर, लॉरी ही त्यांच्या ओळखीची जनावरं. ही जमिनीला पोट लावून बसलेली, पाय टेकवला की झेपावणारी. आणि त्यांची मुलगी हसत-हसत वेगात चालवणारी.

खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी घरातलं अवजार, हत्यार, यंत्र सगळं पूजेला बसतं. एकदा त्यावर हळदकुंकू पडलं की दुसऱ्या दिवशीची दसऱ्याची पूजा होईपर्यंत पान्याला हात लावायचा नाही, असा घरचा रिवाज. म्हणजे दुपारच्या पूजेआधी काम उरकायला हवं होतं. हंबीररावांच्या पत्नी बनुबाईंनी आदल्या दिवशीच सारं लोखंड करडईच्या तेलाच्या फडक्यानं पुसून चकचकीत केलं होतं. कोयते, खुरपी, पाने, जॅक, सगळं शेडमध्ये ओळीनं मांडलेलं, आणि शेडभर तेलाचा वास.

शिवांजलीनं पुढच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक सोडला, गाडीची मागची बाजू जॅकवर उचलली आणि खाली लोखंडी घोड्या सरकवल्या. हंबीरराव पालथ्या क्रेटवर हाताची घडी घालून बसले.

"आबा, तुमी काय बोलायचं न्हाई हां."

"मी कुठं बोलतोय?"

"तोंड न्हाई, तुमच्या भुवया बोलत्यात."

चाक निघालं. आत चकचकीत डिस्क आणि तिला दोन्हीकडून चिमटीत धरणारा लोखंडी कॅलिपर. तिनं बोल्ट सोडून कॅलिपर वर उचलला, जुने पॅड काढले आणि वडिलांच्या समोर धरले. झिजून पत्र्याएवढे झाले होते. म्हणूनच महिनाभर ब्रेक लावला की गाडी किंचाळत होती.

पुढचं काम दिसायला सोपं. नवे पॅड जाड असतात, ते मावायला कॅलिपरमधला पिस्टन मागं ढकलावा लागतो. शिवांजलीनं शिकंजा लावला आणि पिळला. पिस्टन हलला नाही. आणखी पिळला. आत कुठंतरी कर्रकन आवाज झाला आणि तिनं हात थांबवला.

"लाव की जोर," हंबीरराव क्रेटवरून म्हणाले. "जरा धरला असंल. लॉरीचा बी असाच धरतोय. दाबला की जातोय."

"न्हाई जात."

"जातोय गं. सर, दे इकडं."

ते उठले, पण शिवांजलीनं कॅलिपरवर तळहात ठेवला होता. "थांबा आबा. हँडब्रेकची तार बघा कुठं आलीय. ह्याच कॅलिपरात. म्हंजे आत नुसतं ब्रेक ऑइल न्हाई, पिस्टन ढकलणारं आणखी कायतरी हाय. जोरानं दाबून तेच मोडलं तर?"

हंबीररावांचा पुढं केलेला हात हवेतच राहिला. लॉरीचा हँडब्रेक वेगळ्याच जागी असतो. असा कॅलिपर त्यांनी कधी उघडला नव्हता, आणि हे त्यांना त्या क्षणापर्यंत आठवलंही नव्हतं.

शिवांजली पाठीवर झोपली आणि बॅटरी तोंडात धरून कॅलिपरची मागची बाजू चाचपू लागली. मग बॅटरी काढून म्हणाली, "हितं एक बोल्ट हाय. पण तो कशालाच धरत न्हाई."

"बोल्ट हाय म्हणल्यावर कायतरी धरत असणारच."

"न्हाई ना. एकटाच बसलाय."

तिनं तो सोडला. बोल्ट सहज हातात आला आणि त्याच्यामागं एक लहानसं छिद्र उघडं पडलं. तिनं आत उजेड पाडला. खोलवर, अंधारात, षटकोनी खाच होती. तिनं वडिलांकडे पाहिलं, एक बारीक ॲलन की आत घातली आणि सैल करायच्या दिशेनं हलकेच फिरवली.

पिस्टन हलला. ज्याला शिकंज्यानं हलवता आलं नव्हतं तो लोखंडाचा गोळा दोन बोटांच्या जोरावर, आवाज न करता, केसाएवढा मागं सरकला. तिनं आणखी फिरवलं. तो आणखी सरकला.

"थांब," हंबीरराव म्हणाले. त्यांनी चष्मा लावला आणि चवड्यांवर बसले. "परत कर."

तिनं उलटं फिरवलं. पिस्टन बाहेर आला.

"आता आत."

पिस्टन आत गेला. हंबीररावांनी बोटाचं टोक त्याच्यावर टेकवलं आणि तिला पुन्हा फिरवायला लावलं. बोटाखाली ते लोखंड इतकं हळू, इतकं बिनधोक चाललं होतं, की झोपलेल्या जनावराच्या पोटावर हात ठेवल्यासारखं वाटावं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ती का काढली हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

आयुष्यात त्यांनी शेकडो ब्रेक उघडले होते. बहुतेक यंत्रं माणसाशी भांडत. बोल्ट गंजलेला, पाना जाणार नाही अशी जागा, हाताची सालटी निघणार हे ठरलेलं. इथं मात्र समुद्रापलीकडच्या कुणीतरी, कागदावर ह्या कॅलिपरच्या रेघा ओढत असताना, पुढं कधीतरी हे उघडायला बसणाऱ्या माणसाचा विचार केला होता. तो माणूस कोण, कुठल्या गावचा, त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. तरी त्यानं एक दार ठेवलं होतं, दाराला झाकण ठेवलं होतं, आणि जोर करणाऱ्याला ते सापडू नये अशा जागी ठेवलं होतं.

"कुणी केलं असंल गं हे?" ते हळूच म्हणाले.

"असंल कुणीतरी. आपल्यासारखाच. हात काळे असणारा."

त्यानंतर हंबीरराव खरोखरच बोलले नाहीत. शिवांजलीनं डब्यातून नवे पॅड काढून बसवले, तीच खाच फिरवून ते डिस्कला टेकेपर्यंत आणले, मग चाक मोकळं फिरेल एवढंच किंचित मागं घेतले. झाकणाचा बोल्ट जागच्या जागी. मग दुसरं चाक. शेवटी आत बसून पायाखालचं पेडल घट्ट लागेपर्यंत दाबलं, आणि गाडी कालव्याच्या रस्त्याला घेऊन गेली.

हंबीरराव शेडच्या दारात कान लावून उभे. गाडी गेली, वळली, आली. किंचाळणं नाही. त्यांचा चेहरा उजळला.

"आवाज गेला की गं!"

"आवाज गेला," शिवांजली उतरत म्हणाली. "वास येतोय."

"नव्या पॅडला येतोयच जळका वास."

"जळका न्हाई. तळणीचा."

"तळणीचा माझ्या कढईचा आसंल!" बनुबाई आतून ओरडल्या. "कडाकण्या तळतीया मी. तिकडं लोखंडात बसलाय न्हवं, म्हणून नाकाला कळंना झालंय."

हंबीरराव हसले. स्वतः गाडीत बसले, कालव्यापर्यंत नेली, दोनदा करकचून ब्रेक लावला आणि परत आणली. "खुट्टकन थांबतीया. कशाला शंका काढतीस?"

"थांबतीया पुढच्या ब्रेकांवर, आबा. मागचं काय करत्यात ते कसं कळायचं?" ती दुसऱ्या बाजूनं येऊन बसली. "बांधावर घ्या."

कालव्याच्या बांधाला चांगला चढ होता. हंबीररावांनी निम्म्यात गाडी उभी केली.

"आता हँडब्रेक वढा. तो फकस्त मागच्या चाकांना हाय. वढला? मग पाय काढा."

त्यांनी पेडलवरून पाय काढला. गाडी उभी राहिली. ते काहीतरी बोलणार, एवढ्यात त्यांना वाटलं की बाजूची बाभळ पुढं निघालीय. मग लक्षात आलं की बाभळ जागेवरच आहे. गाडी मागं चालली होती. हँडब्रेक पुरता ओढलेला असताना, काही आवाज न करता, लोण्यावरून सरकावी तशी. त्यांनी पटकन पेडल दाबलं. हेच त्यांनी पंधरा मिनिटांपूर्वी पास केलं असतं.

शेडमध्ये चाक परत उतरलं. शिवांजलीनं पॅड काढला, काळ्या बाजूवर अंगठा घासला आणि नाकाशी नेला. मग वडिलांच्या नाकाशी धरला. दोघांनी एकदमच घराकडे पाहिलं.

"आये! जरा हिकडं ये."

बनुबाई झारा हातात घेऊनच आल्या.

"हे डब्यातलं, नवं, ह्याला तेल लावलंस तू?"

"लावलं की. डबा उघडून लावलं आन् परत जाग्याला ठेवलं."

"अगं पण का?" हंबीरराव ओरडले.

"का म्हंजे? लोखंड हाय न्हवं? सणाचं सगळ्या लोखंडाला तेल लावलं आन् नवं तेवढं कोरडं ठेवू व्हय? उद्या गंजलं तर तुमीच बोलणार."

"दोन्ही बाजूनं लावलंस?"

"मागनं, पुढनं. काळ्या बाजूला जरा जास्तीच. लय पीत हुतं ते."

हंबीररावांनी कपाळाला हात लावला. शिवांजलीला मात्र हसू आवरेना. ती खाली बसून हसत राहिली, आणि बनुबाईंना आपण काय केलं ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा असा पडला, की तिनं उठून त्यांच्या गळ्यात काळे हात टाकले. "आगं, साडी!" बनुबाई म्हणाल्या, पण बाजूला झाल्या नाहीत.

हसणं ओसरलं आणि प्रश्न तसाच राहिला. असे पॅड सांगलीत मिळत नव्हते. पुण्याच्या दुकानदारानं मागवून दिले होते. सण आटपून पुढचे यायला आठवडा तरी लागणार. रुजू व्हायचं परवा.

हंबीररावांनी पॅड हातात घेऊन उलटसुलट केला. सकाळी त्यांना, खरं सांगायचं तर, काहीतरी खोट निघाली असती तर बरंच वाटलं असतं. मुलगी एस.टी.नं गेली असती, त्यांना रात्री झोप लागली असती. पण तो पिस्टन बोटाखालून सरकला तेव्हापासून त्यांचं मन फिरलं होतं. ही गाडी हिच्याजवळच असायला हवी, असं त्यांना वाटू लागलं होतं.

"ब्लोलॅम्पनं तापवू," ते म्हणाले. "तेल जळून जाईल. वर पॉलिश पेपर मारू. तिकडं बर्फात आमी असली किती कामं भागवलीत."

"वरचं जळंल. प्यालेलं?"

"ते बी निघंल हळूहळू."

"उतारावर निघंल. पॅड तापला की आतलं तेल वर येणार, आबा. आन् मी तवा कुंभार्लीच्या मधोमध असणार."

"मग हळू उतर. दुसऱ्या गिअरात."

शिवांजलीनं त्यांच्या हातातला पॅड काढून घेतला. "अट कुणाची हुती?"

"माझी."

"झालं तुमचं समाधान?"

हंबीररावांनी हात फडक्याला पुसले. झालं म्हणावं तर बांधावर सरकलेली गाडी डोळ्यांसमोर होती, नाही म्हणावं तर मुलीचा चेहरा.

"तुमचं झालं असंल तरी माझं झालं न्हाई," ती म्हणाली. "मी ह्या ब्रेकवर घाट उतरणार न्हाई. एस.टी.नं जाती."

तिनं चाक परत लावलं, गाडी घोड्यांवरून उतरवली, वर कापड ओढलं आणि पाने पुसून ओळीत ठेवले. तिचा आवाज चढला नव्हता की हातही घाईत नव्हते. जिवाभावाची गाडी आठ दिवसांसाठी झाकून ठेवताना तिनं त्या कापडाचं चौथं टोक नीट खोचलं, ते हंबीरराव बघत राहिले. तुकडीतल्या किती पोरांना त्यांनी ब्रेक बांधायला शिकवलं होतं. वरचा अधिकारी पाठीशी उभा, गाड्यांचा ताफा निघायला टेकलेला, अशा वेळी गाडी जाणार नाही म्हणून सांगायला मात्र फार थोड्यांना जमलं होतं. त्यांना स्वतःला आज, घरच्या शेडमध्ये, ते जमलं नव्हतं. ही मुलगी भरधाव जाईल आणि आपल्याला तिला मागं खेचावं लागेल, ह्या काळजीत त्यांनी महिना काढला होता.

दुपारी पूजा झाली. दसरा झाला. तिसऱ्या दिवशी कराडच्या स्टँडवर त्यांनी तिची बॅग वर चढवून दिली आणि खिडकीशी उभे राहिले.

"पार्सल आलं की कळवा," ती आतून म्हणाली. "आन् डबा आईला दावू नका."

"कुलपात ठेवतो. किल्ली गळ्यात बांधतो."

पार्सल आलं, आणि पुढच्या शनिवारी ती आली. रविवारी सकाळी शेडमधून जॅकचा आवाज यायला लागला तेव्हा हंबीररावांनी खोरं खांद्यावर टाकलं आणि उसाला पाणी बदलायला निघाले.

"आवं, बघायला जावा की," बनुबाई म्हणाल्या. "पोरगी एकटी करतीया."

"काय बघायचं? ती बघतीया न्हवं."

उसात उभं राहून त्यांनी गाडी बांधावर चढलेली पाहिली. ती निम्म्यात थांबली. बराच वेळ तिथंच थांबली. त्यांच्या पायांवरून पाणी दुसऱ्या सरीत घुसलं तरी त्यांना कळलं नाही. गाडी हलली नाही.

दुपारी शिवांजली म्हणाली, "चला, मला सोडायला," आणि डावीकडचं दार उघडून धरलं.

पाटण मागं पडलं, हेळवाक गेलं, आधी घाट उतरून बघायचा म्हणून ती कोयनानगरलाही थांबली नाही, आणि डोंगराची कड आली. छत उघडं होतं. पहिल्या वळणाला हंबीररावांच्या बाजूची जमीन संपली. खाली कोकण होतं. ऊन पडलेलं, हिरवं, इतकं खोल की त्यातले ढग वरून दिसत होते. रस्त्याकडेला एक ट्रक ब्रेक गार करत थांबला होता, त्याची चाकं धुमसत होती. शिवांजलीनं गिअर उतरवला. वळणाआधी ती पेडल थोडं दाबायची, सोडायची, गाडी मान झुकवून आत वळायची आणि पुन्हा सरळ व्हायची. हंबीरराव ब्रेकचा आवाज ऐकायचा प्रयत्न करत होते. ऐकण्यासारखं काही नव्हतं. चार बोटं रुंदीचे काळे तुकडे त्या सगळ्या डोंगराला धरून होते आणि त्यांचा साधा हुंकारही येत नव्हता. लडाखच्या घाटातसुद्धा त्यांना असं वाटलं नव्हतं. तिथं ते कायम चाकांकडे बघत आले होते. आज पहिल्यांदा ते दरीकडे बघत होते.

पायथ्याशी, पोफळीच्या अलीकडे, चहाच्या टपरीवर तिनं गाडी थांबवली. हंबीरराव सवयीनं उतरून मागच्या चाकाकडे निघाले. उतार संपला की दोन्ही चाकांजवळ तळहात नेऊन ऊब सारखी आहे का बघायची. पण शिवांजली आधीच तिथं बसली होती. एका चाकाजवळ हात, मग दुसऱ्या.

"दोन्ही सारखीच, आबा."

त्यांनी मान हलवली. "परत वर जाताना मला कोयनेच्या स्टँडवर सोड. मी एस.टी.नं जातो घरी. तुला सकाळी गाडी लागंल."

"बरं. च्या घ्यायचा?"

"घेऊ की," ते म्हणाले, पण जागेवरून हलले नाहीत. त्यांनी मान मागं टाकली होती. सह्याद्रीची अख्खी भिंत समोर उभी होती, वरचा कडा ढगात गेलेला, आणि मधे कुठंतरी झाडीतून रस्त्याची एक रेघ दिसायची, मिटायची, खाली येऊन पुन्हा दिसायची. चहा येऊन निवला तरी ते त्या रेघेकडेच बघत होते.